सल्लागाराचे बिल कोण तपासणार?

विमानतळाच्या कामाचे भूमिपूजन झाले की वर्तमानपत्रांत दोन गोष्टी छापून येतात. एकूण खर्च किती कोटींचा आणि ठेका कुणाला मिळाला. तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. ती म्हणजे सल्लागाराचे शुल्क. धावपट्टी किती लांब हवी, थर किती जाड घालायचा, पावसाचे पाणी कुठून काढायचे, निविदेत अटी कोणत्या घालायच्या, हे सारे सल्लागार ठरवतो. पहिली कुदळ पडण्याआधीच त्याचे बिल सुरू होते आणि शेवटचा थर पडेपर्यंत देखरेखीच्या नावाने चालूच राहते.

आपल्या समाजातले बहुसंख्य लोक विमानात बसलेले नाहीत, मग आपल्याला याचे काय, असे कुणी म्हणेल. पण साबणाच्या वडीवर आणि पायातल्या चपलेवर कर भरणारा मजूर सरकारी तिजोरी भरत असतो. विमानतळ त्याच तिजोरीतून उभा राहत असेल, तर हिशेब मागण्याचा पहिला हक्क त्या मजुराचा आहे.

मुख्य प्रश्न असा की सल्लागाराचे शुल्क रास्त आहे की अवाजवी, हे ठरवायचे कशावरून? बांधकामाच्या खर्चाचे अमुक टक्के, ही आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. ती सोपी आहे, म्हणूनच ती घातक आहे. समजा, धावपट्टीचे काम 40 कोटींचे आहे आणि शुल्क 5 टक्के. म्हणजे सल्लागाराला 2 कोटी. उद्या अंदाजपत्रक 50 कोटींवर गेले, तर शुल्क अडीच कोटी होते. एकही नवा नकाशा न काढता 50 लाख वाढले! ज्याने काटकसर सुचवायची, त्याचाच खिसा उधळपट्टीने भरतो. याला आपल्या गावाकडे ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ म्हणतात.

अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशालाही हा धोका कळला. तिथे 1982 पासून विमानतळ सुधारणा कार्यक्रम चालतो. विमान तिकिटांवरील करांतून वगैरे उभ्या राहिलेल्या निधीतून केंद्र सरकार मोठ्या विमानतळांना पात्र खर्चाचे साधारण 75 टक्के आणि लहानांना 90 टक्के किंवा त्याहून अधिक अनुदान देते. आता ज्याच्या खिशातून दहातला एकच रुपया जाणार, तो सल्लागाराशी घासाघीस कशाला करील? म्हणून अनुदानासोबत नियम आले. बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर शुल्क ठरवण्यास मनाई आहे. कामाची तपशीलवार व्याप्ती आधी लिहायची. मोठ्या रकमेच्या कामात विमानतळ चालवणाऱ्या संस्थेने सल्लागाराचा आकडा पाहण्याआधी स्वतःचा स्वतंत्र अंदाज तयार करायचा. कोणत्या कामाला कोणत्या दर्जाच्या अभियंत्याचे किती तास, त्यांचा दर किती, कार्यालयीन खर्च किती, प्रवास किती, नफा किती, हे मांडायचे. मग दोन्ही अंदाज शेजारी ठेवून बोलणी करायची आणि तफावत कशी मिटली हे लेखी नोंदवायचे.

तिथे 1972 च्या कायद्याने आणखी एक पद्धत घालून दिली. सल्लागार निवडताना आधी पात्रता पाहायची, भाव नंतर. पहिल्या क्रमांकाशी रास्त दराने जमले नाही, तर बोलणी मोडून दुसऱ्याकडे जायचे. यात शहाणपण आहे. कारण सल्ला हा काही भाजीबाजार नव्हे. शुल्क फारच कमी ठेवले तर सल्लागार मातीची तपासणी चार जागी करायची ती एका जागी करतो, आणि पहिल्या दोन-तीन पावसांत धावपट्टीला तडे जातात. वाचवलेल्या लाखांची भरपाई मग कोटींनी करावी लागते. पण पात्रतेला महत्त्व देणारी पद्धत स्वतंत्र अंदाजाशिवाय चालू शकत नाही. स्वतःचा आकडा नसलेला अधिकारी बोलणी करायला बसला, तर तो फक्त मान डोलावू शकतो.

आपल्याकडे नियम नाहीत असे मुळीच नाही. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागार नेमण्याआधी रास्त खर्चाचा अंदाज करा, बाजारातली स्थिती पाहा, तशीच कामे करणाऱ्या इतर संस्थांना विचारा, असे सांगितले आहे. काम चालू असताना खात्याने सतत लक्ष ठेवावे, असेही आहे. अर्थ मंत्रालयाची सल्लासेवांविषयीची पुस्तिका तर टक्केवारीच्या करारात काटकसरीचा आराखडा करण्याची प्रेरणाच उरत नाही, असे बजावते. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना रोग ठाऊक आहे. दुखणे आहे ते अंमलबजावणीत. वर्षानुवर्षे सरकारी अभियंत्यांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, मग ‘आमच्याकडे तज्ज्ञ नाहीत’ म्हणून सल्लागार नेमायचा, आणि त्याचे बिल तपासायलाही तज्ज्ञ नाहीत म्हणून ते तसेच मंजूर करायचे! ज्या जागांवर आरक्षणाने आपली शिकलेली मुले बसली असती, त्या जागांचे काम असे बाहेर जाते, आणि जास्त पैशांत जाते.

देखरेखीच्या शुल्कातही असाच खड्डा आहे. ते बहुधा महिन्याच्या हिशेबाने असते. ठेकेदाराने दीड वर्षाचे काम तीन वर्षे रखडवले, तर सल्लागाराचे बिलही दुप्पट होण्याची वाट मोकळी होते. उशीर ठेकेदाराचा असेल, तर हा वाढीव खर्च त्याच्या दंडातून वसूल झाला का? की तोही जनतेच्या माथी मारला?

उडान योजनेवरील महालेखापरीक्षकांचा 2023 चा अहवाल या संदर्भात वाचण्यासारखा आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 मार्गच सुरू झाले आणि तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी करणारे अवघे 112 निघाले. अहवालाने त्याचे खापर सल्लागारांवर फोडलेले नाही, आणि आपणही फोडू नये. पण विमान येवो न येवो, आराखड्याचे पैसे चुकते होतात, एवढे तर उघड आहे. म्हणूनच ते देण्याआधी तपासणी हवी.

स्पर्धेचाही प्रश्न आहे. निविदेत शेकडो कोटींच्या उलाढालीची अट घातली की मोजक्या बड्या कंपन्याच उरतात, आणि स्पर्धा आटली की शुल्क फुगते. केंद्राच्या लघुउद्योग खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 टक्क्यांचे उद्दिष्ट आहे. भूमापन, मातीपरीक्षण, नकाशे अशी कामे वेगळी काढली, तर आपल्या तरुण अभियंत्यांच्या संस्थाही ती करू शकतात. उलाढालीची अट कामाच्या गरजेपुरती आहे की दार बंद करण्यासाठी, हे पाहिले पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करायचे काय? माहितीच्या अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज करायचा आणि चार कागद मागायचे. एक, सल्लागाराच्या कामाची लेखी व्याप्ती. दोन, प्रस्ताव उघडण्याआधी खात्याने केलेला शुल्काचा अंदाज आणि त्यावरची तारीख. तीन, गुणांकनाचा तक्ता व बोलणी झाली असल्यास त्यांची नोंद. चार, मुदतवाढीची आदेशपत्रे आणि दिलेल्या प्रत्येक बिलासोबतचा हजेरीचा तपशील, पदानुसार आणि दिवसांनुसार. व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे केले, तर त्याच कायद्यात व्यापक जनहिताचे कलम आहे, त्यावर अपील करायचे. दुसरा कागद ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर समजायचे की शुल्क तपासलेच गेलेले नाही. तेच उत्तर घेऊन लोकप्रतिनिधींकडे आणि लेखापरीक्षकांकडे जायचे.

नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, याचा आपल्याला अभिमान आहे. पण 1949 साली संविधान सभेत महालेखापरीक्षक हा बहुधा संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत बाबासाहेबांनी मांडले होते, हे किती जणांना आठवते? जनतेच्या पैशावर पहारा नसेल तर मताचा अधिकारही पोकळ ठरतो, हे त्या अर्थशास्त्रज्ञाला पुरते ठाऊक होते. नावाच्या पाटीखाली होणाऱ्या खर्चाचा हिशेब मागणे, हेही आंबेडकरी चळवळीचेच काम आहे.