घर कितीला मागायचं?



मागच्या वर्षी शिमग्याच्या आधी आमच्या गटाच्या बैठकीला एक ताई धापा टाकत आल्या. काखेत पिशवी, पिशवीत पन्नास हजार रुपये. मागच्या गल्लीतलं तीन खणांचं बंद घर विकायला निघालं होतं. मालक शहरातून दोन दिवसांसाठी आला होता आणि साडेसहा लाख सांगत होता. वर म्हणत होता, "आज विसार द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." ताई एकट्या, पदरी दोन मुलं, दिराच्या पडवीत दहा वर्षं काढलेली. स्वतःचं दार असावं, एवढीच इच्छा. "सहा लाखांना मागते. पन्नास हजार कमी झाले तरी पुष्कळ," असं त्यांचं म्हणणं.

आम्ही आधी त्यांना पाणी दिलं आणि पैसे परत घरी ठेवायला सांगितलं.

सांगितलेल्या किमतीतून थोडं कमी करून मागायचं, ही आपली आठवडी बाजारातली सवय. मेथीच्या जुडीला ती चालते. पण म्हैस घेताना आपण असं करतो का? दात बघतो, दोन वेळा धार काढून बघतो, आणि मग आपला आकडा आपण ठरवतो. मालक काय सांगतो ते नुसतं ऐकून घ्यायचं. घराला मात्र आपण मालकाच्या तोंडच्या आकड्यावरूनच खाली उतरायला लागतो. त्या माणसाने आठ लाख सांगितले असते तर ताईंनी साडेसात म्हटले असते. घर तेच, भिंती त्याच.

मग आकडा आणायचा कुठून? आजूबाजूला खरोखर विकल्या गेलेल्या घरांवरून. विकायला काढलेल्या नव्हे, विकल्या गेलेल्या. ही माहिती गावात लपून राहत नाही. पिठाच्या गिरणीवर दोन दिवस कान देऊन बसलं की निम्मं काम होतं. उरलेलं काम कागद करतो. नोंदणी झालेल्या प्रत्येक खरेदीचा गोषवारा दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक दोनमध्ये असतो आणि त्याची नक्कल मिळते. मात्र कागदावर बरेचदा खऱ्या व्यवहारापेक्षा कमी रक्कम लिहिलेली असते, म्हणून कागद आणि गिरणी दोन्ही हवं.

आम्हाला दोन घरं सापडली. एक रस्त्यावरचं, स्लॅबचं, पुढे दुकानाचं शटर असलेलं. ते नऊ लाखांना गेलं होतं. मालकाच्या डोक्यात तेच घर बसलं होतं. दुसरं त्याच मागच्या गल्लीतलं, दगडमातीच्या भिंतींचं, जागाही जवळपास तेवढीच. ते दिवाळीत ५ लाख ७५ हजारांना गेलं. जुन्याची तुलना जुन्याशी आणि गल्लीतल्याची गल्लीतल्याशी. तेव्हा आमचा हिशोब ५ लाख ७५ हजारांपासून सुरू झाला.

आता इथे एक चूक होते, आमचीही होत होती. दुरुस्तीचा सगळा खर्च वजा करायचा, असं आम्ही धरून चाललो होतो. पण ते दुसरं घरही जुनंच होतं. त्याच्याही भिंतींना पोपडे होते, आणि ते पोपडे धरूनच ५ लाख ७५ हजार ठरले होते. म्हणून आपल्या घरात जे त्या घरापेक्षा वाईट आहे, तेवढंच वजा करायचं. त्या घरावर नवे पत्रे होते, संडास होता, वायरिंग ठीक होतं. आपल्या घरात तिन्हीची बोंब. आम्ही गवंडीमामांना घर दाखवलं. त्यांनी आढ्याचं एक लाकूड बोटाने टोकरलं तर भुसा पडला. पत्रे आणि लाकूड ७० हजार, खड्ड्यासह संडास ३५ हजार, वायरिंग १५ हजार, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. एकूण १ लाख २० हजार. म्हणजे घराची किंमत आली ४ लाख ५५ हजार.

ही झाली घराची बाजू. दुसरी बाजू आपल्या गाठीची, आणि ती बायका फार उशिरा मांडतात. ताईंची शिल्लक ३ लाख ६० हजार. कर्ज २ लाखांचं मिळत होतं. दर वर्षाला १२ टक्के, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे ४,४५० रुपये. पाच वर्षांत २ लाखांचे सुमारे २ लाख ६७ हजार फेडावे लागतात. दूध आणि शिलाई मिळून हप्ता निघत होता, पण त्याहून एक रुपया जास्त नको, असं त्यांनीच सांगितलं. हातात झाले ५ लाख ६० हजार. त्यातून खरेदीखताच्या खर्चाला ३० हजार, पावसाआधी पत्रे बदलायला ७० हजार, आणि घरात कोणी आजारी पडलं तर असावेत म्हणून २० हजार बाजूला. उरले ४ लाख ४० हजार.

घर ४ लाख ५५ हजारांचं, गाठ ४ लाख ४० हजारांची. दोन्हींत जो आकडा कमी, ती आपली शेवटची रेघ. ती घरी बसून मारायची आणि वहीत लिहायची. समोर मालक बसला की जीभ घसरते.

खरेदीखताच्या खर्चाबद्दल थोडं. मुद्रांक शुल्क आपण ठरवलेल्या किमतीवर किंवा सरकारी रेडी रेकनरच्या किमतीवर लागतं, जी जास्त असेल तिच्यावर. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. आणि एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मुलाचं किंवा नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती जाते. ताईंचे त्यात ४,४०० रुपये वाचणार होते.

मग आम्ही कागद मागितले, आणि गोष्ट तिथे अडली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून मालकाच्या वारलेल्या वडिलांचं नाव होतं. नमुना ८ ही घरपट्टीची नोंद आहे, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. ड्रोनने गावठाणाची मोजणी झालेल्या गावांत स्वामित्व योजनेतून मालमत्ता पत्रक मिळतं, ते असेल तर अवश्य बघावं. आणि घर गायरानावर असेल तर किमतीची बोलणीच नको. ज्याची जागाच नाही, तो विकणार काय?

हे घर गावठाणातलंच होतं, आजोबांपासून चालत आलेलं. पण मालकाला दोन बहिणी होत्या. "त्यांचं काही नाही हो ताई, त्या मागत नाहीत," असं तो म्हणाला. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. आमच्यातल्या कितीजणींबद्दल त्यांच्या भावांनी हेच वाक्य म्हटलं असेल! वडिलोपार्जित घरात मुलीला मुलासारखाच हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली केला, देशाने २००५ साली. बहिणींच्या सह्या नसतील, किंवा त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलेलं नसेल, तर असं घर अर्ध्या किमतीतही स्वस्त नाही. उद्या त्या किंवा त्यांची मुलं दारात उभी राहिली तर कोर्टात ताईच जाणार. आम्ही सांगितलं, दोघी बहिणी सही करायला येणार असतील तरच बोलू.

तो तयार झाला, थोडा घुश्श्यातच. ताईंनी चार लाखांना मागितलं. "थट्टा करता काय?" असं म्हणून तो हसला. आम्ही गवंडीमामांची चिठ्ठी आणि गल्लीतल्या घराचा आकडा पुढे ठेवला. साडेपाचावर आला, मग पाचावर. ताईंनी वहीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, माझी ऐपत ४ लाख ४०. त्यापुढे माझ्याकडे नाहीच." चहा घेऊन आम्ही उठलो.

महिना गेला, निरोप नाही. ताई आमच्याशी धड बोलेनात. "तुमच्या हिशोबापायी घर गेलं," असं एकदा त्यांनी बोलूनही दाखवलं. खोटं कशाला सांगू, आम्हालाही रुखरुख होती. वीस हजार जास्त सांगायला हवे होते का, असं मनात यायचं. पण ते वीस हजार दवाखान्याचे होते.

वैशाखात मालकाचा फोन आला. दुसरं गिऱ्हाईक काही आलं नव्हतं. ४ लाख ४० हजारांना ठरलं. थकलेली घरपट्टी आणि पाणीपट्टी त्याने भरायची, आणि माजघराचा जुना सागवानी दरवाजा त्याने न्यायचा. खरेदीखतात किंमत कमी दाखवू, असंही त्याने सुचवून बघितलं. आम्ही नाही म्हटलं. वाद झाला तर लिहिलेली रक्कमच मागता येते. शिवाय घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्याने मना आहे. म्हणजे पहिल्या दिवशीची ती पन्नास हजारांची पिशवी त्या अर्थानेही चुकीचीच होती. विसार बँकेतून दिला आणि इसारपावतीवर तिघा भावंडांच्या सह्या घेतल्या.

खरेदीखताच्या दिवशी धाकटी बहीण पहाटेच्या एसटीने आली. तिच्या वाट्याचा चेक तिने हातात धरून दोनदा वाचला आणि विचारलं, "हा माझ्याच नावाचा आहे ना?"

ताईंच्या घरावर मृगाच्या आधी पत्रे चढले. संडासाचा खड्डा अजून व्हायचाय, दिवाळीनंतर धरू म्हणतात.