संतांची घरं

वसईच्या किंवा वांद्र्याच्या कॅथलिक कुटुंबाने परदेशी यात्रा ठरवली की यादी जवळपास तयारच असते. रोम, लूर्द, फातिमा, आणि तिकडची परिस्थिती निवळली असेल तर पवित्र भूमी. सोबत एक फादर, रोज मिस्सा, बसमध्ये रोझरी. यादीबद्दल तक्रार नाही. पण मुलं, सासू-सासरे असा गोतावळा घेऊन निघायचं असेल, तर बॅसिलिका थोड्या कमी कराव्यात आणि संतांची राहती घरं वाढवावीत, असं माझं मत आहे. बॅसिलिकेत मुलं छताकडे बघून कंटाळतात. घरात शिरली की प्रश्न विचारू लागतात.

नॉर्मंडीतल्या आलाँसाँपासूनच सुरुवात करू. इथे संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन घड्याळं दुरुस्त करायचे आणि आई झेली लेसचा धंदा चालवायची. आलाँसाँची सुईने विणलेली लेस तेव्हाही नावाजलेली होती. 2010 मध्ये युनेस्कोने त्या कलेला वारसा म्हणून मान्यता दिली. 13 जुलै 1858 रोजी, तिथल्या रिवाजाप्रमाणे मध्यरात्री, दोघांचं लग्न झालं. नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. झेलीचा व्याप वाढला तेव्हा 1870 मध्ये लुईंनी आपलं दुकान भाच्याला विकलं आणि बायकोच्या धंद्यात हात घातला. आजही किती नवरे हे करतील? झेलीची दोनशेहून अधिक पत्रं शिल्लक आहेत, आणि त्यांत मुलींची आजारपणं, लेसच्या ऑर्डरी, झोपेची उधारी सगळं आहे. 1877 मध्ये ती स्तनाच्या कर्करोगाने गेली. धाकटी तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. तिचा जन्म झाला ते घर यात्रेकरूंसाठी खुलं आहे.

पुढे लुई पाच मुलींना घेऊन लिझ्यूला आले. 1887 मध्ये तेरेजा वडील आणि बहीण सेलीन यांच्यासोबत यात्रेला रोमला गेली. पंधराव्या वर्षी कार्मेल मठात जायची परवानगी तिने थेट पोप लिओ तेरावे यांच्याकडे मागितली. म्हणजे ही मुलगी स्वतःच कौटुंबिक यात्रेकरू! पुढच्याच वर्षी ती मठात गेली. त्यानंतर लुईंचं मन ढासळलं आणि त्यांना काही वर्षं काँ शहरातल्या मनोरुग्णालयात काढावी लागली. ज्या घरांत असा आजार दडवला जातो, त्यांनी लिझ्यूला ही गोष्ट मुद्दाम मुलांना सांगावी. 18 ऑक्टोबर 2015 रोजी कुटुंबाविषयीची सिनड सुरू असताना या दोघांना संतपद मिळालं. एकत्र संतपद मिळालेलं चर्चच्या इतिहासातलं हे पहिलं जोडपं. आपल्याला जोडणारा धागाही आहे: 1927 मध्ये तेरेजाला मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केलं गेलं, ते जुन्या गोव्यात विसावलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने.

लूर्दचं सगळ्यांना ठाऊक आहे: गुहा, झऱ्याचं पाणी, रात्रीची मेणबत्त्यांची मिरवणूक. माणसं पाण्याचे कॅन भरतात आणि गुहेत मरियेचं दर्शन झालेल्या बर्नादेतचं कुटुंब राहायचं ती खोली न बघताच बस पकडतात. वडिलांची गिरणी बुडाली, तेव्हा नातेवाइकाच्या घरातली ही खोली मिळाली. आधी तिथे तुरुंग होता. 1857 मध्ये पीठ चोरल्याच्या संशयावरून वडिलांना अटकही झाली, पुरावा नसल्याने सुटले. वर्षभरात, 11 फेब्रुवारी 1858 रोजी, त्याच घरातली मुलगी सरपण गोळा करायला गुहेकडे गेली.

फातिमाला विस्तीर्ण चौकापेक्षा दोनेक किलोमीटरवरच्या अल्जुस्त्रेल वाडीत जास्त वेळ द्यावा. फ्रान्सिस्को आणि जासिंता ही भावंडं आणि त्यांची मामेबहीण लुसिया इथलीच. 1917 मधल्या मरियेच्या दर्शनांनंतर फ्लूच्या साथीने दोघा भावंडांना गाठलं. फ्रान्सिस्को 1919 मध्ये घरी गेला, जासिंता 1920 मध्ये लिस्बनच्या रुग्णालयात. 2017 मध्ये दोघांना संतपद मिळालं. चौकातल्या आगीत मेणाचे हात-पाय वितळताना पाहून वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा आठवल्याशिवाय राहत नाही.

पवित्र भूमीत नाझरेथची बॅसिलिका भव्य आहे, पण जोडप्यांना खरी ओढ काना गावाची. लग्नाची वचनं तिथे पुन्हा म्हणता येतात. पोलंडमधलं मार्कोवा मात्र आपल्याकडे अजून कुणाच्या ध्यानात नाही. आठ ज्यूंना आसरा दिला म्हणून मार्च 1944 मध्ये जर्मनांनी उल्मा पती-पत्नी आणि त्यांच्या मुलांना ठार केलं. 2023 मध्ये सातही मुलांसह अख्ख्या कुटुंबाला 'धन्य' घोषित केलं गेलं.

मार्कोवा सगळ्यांना जमणार नाही. आलाँसाँ जमेल, कारण ते लिझ्यूपासून सुमारे 90 किलोमीटरवर आहे. टूरवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी तेवढा एक मुक्काम कागदावर लिहून घ्या.