बौद्धिक अक्षमता : रूढ समज आणि वस्तुस्थिती

मूल वेळेवर मान धरीत नाही, बसावयाच्या वयात बसत नाही, बोलावयाच्या वयात बोलत नाही, हे ध्यानात आल्यावरही आपल्या कुटुंबांतून प्रथम जो निर्णय होतो तो बहुधा वाट पाहण्याचाच होतो. ‘याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते’, ‘मुलगे जरा मागेच असतात’, ‘शाळेत घातले की आपोआप सुधारेल’ अशी वाक्ये घरातील वडीलधारी माणसे पूर्ण सद्भावनेने उच्चारतात, आणि मेंदूची वाढ ज्या काळात सर्वांत वेगाने होत असते ती पहिली पाचसहा वर्षे या समाधानात निघून जातात. पुढे मूल शाळेत टिकत नाही असे दिसले म्हणजे दुसऱ्या टोकाची धावपळ सुरू होते : या डॉक्टरांकडून त्या वैद्यांकडे, तेथून देवऋषाकडे, नवसाला, बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांकडे. परस्परविरुद्ध दिसणाऱ्या या दोन्ही वर्तनांच्या मुळाशी समजूत एकच आहे, ती अशी की बौद्धिक अक्षमता, जिला आपण कालपरवापर्यंत मतिमंदत्व म्हणत होतो, हा एक रोग आहे, आणि रोग म्हटला की तो केव्हा ना केव्हा बरा व्हावयाचाच. या विषयातील बहुतेक गैरसमज याच एका समजुतीतून निघालेले आहेत.

बौद्धिक अक्षमता हा रोग नव्हे. आकलन, तर्क आणि शिकण्याची शक्ती यांत, आणि त्याचबरोबर दैनंदिन व्यवहाराच्या कौशल्यांत, वाढीच्या वयातच लक्षणीय उणेपणा राहून गेलेला असणे, अशी ही आयुष्यभराची अवस्था आहे. तिच्यावर कोणतेही औषध नाही. अशा मुलाला अपस्माराचे झटके येत असले, आणि पुष्कळांना ते येतात, तर अपस्मारासाठी औषध अवश्य द्यावे. थायरॉइड ग्रंथीचा दोष असला तर त्याचीही चिकित्सा व्हावी. परंतु बुद्धी वाढविणारी म्हणून जी चूर्णे आणि सिरपे आईबापांच्या गळी उतरविली जातात त्यांवर खर्च होणारा पैसा आणि काळ हा निखळ अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट वाचा-उपचार, भौतिकोपचार आणि खेळांतून दिलेले पद्धतशीर शिक्षण ही लवकर सुरू झाली तर मुलाच्या पुढील आयुष्यात मोठा फरक पडतो. २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद याच हेतूने केलेली आहे. तेथे जाण्यास निदान निश्चित होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शंका आली एवढे कारण पुरेसे आहे.

या अवस्थेची मानसिक आजाराशी होणारी गल्लत इतकी जुनी आहे की तिला एकेकाळी कायद्याचीच मान्यता होती. १९१२ च्या कायद्याने वेडसर माणूस आणि जन्मतः मंदबुद्धी माणूस या दोघांना एकाच व्याख्येत बसविले होते, आणि त्यामुळे ज्यांना शाळेची गरज होती अशा माणसांसाठी सरकारदप्तरी मोकळे असलेले दार वेड्यांच्या इस्पितळाचे होते. ही गफलत कायद्याने १९८७ साली दुरुस्त केली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या व्याख्येतूनही ही अवस्था स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. मानसिक आजार हा कोणत्याही वयात, तल्लख बुद्धीच्या माणसालाही होऊ शकतो, आणि उपचारांनी पुष्कळदा आटोक्यात येतो. अर्थात बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसालाही मानसिक आजार होऊ शकतो, आणि या बाबतीत उलट दिशेचा अन्याय घडतो : त्याचे जेवण सुटले, झोप उडाली, तो एकाएकी चिडू लागला, तर ‘तो तसाच आहे’ म्हणून सोडून दिले जाते, त्याला नैराश्य आले असेल किंवा त्याची दाढ दुखत असेल, हा विचार कोणाच्या मनाला शिवत नाही.

कारणांविषयीच्या समजुतींपैकी ग्रहण, पूर्वजन्मीचे पाप आणि कोणाची तरी दृष्ट यांच्यासाठी फार शब्द खर्ची घालण्याचे कारण नाही; त्यांत तथ्याचा अंशही नाही. परंतु या साऱ्यांचा रोख शेवटी मुलाच्या आईवर येतो, म्हणून खरी कारणे सांगणे भाग आहे. १८६६ साली जॉन लँग्डन डाउन या इंग्रज वैद्यकशास्त्रज्ञाने ज्या अवस्थेचे वर्णन केले, तिचे कारण १९५९ साली फ्रान्समध्ये उलगडले : अशा मुलांच्या पेशींत शेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस गुणसूत्रे असतात, एकविसावे गुणसूत्र दोनांऐवजी तीन असते. आईचे वय वाढले की याचा संभव वाढतो हे खरे; तथापि अपत्यजन्मांची एकंदर संख्याच तरुण वयात अधिक असल्यामुळे डाउन सिंड्रोम असलेली बहुसंख्य मुले तरुण मातांच्याच पोटी जन्मतात. याखेरीज प्रसूतीच्या वेळी प्राणवायूचा अभाव, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणातील रुबेला, आणि आहारातील आयोडीनची कमतरता ही कारणे आहेत. यांतील आयोडीनची कमतरता तर आयोडीनयुक्त मिठाने टळते, आणि जन्मजात थायरॉइडन्यूनता अर्भकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबाने ओळखून तत्काळ उपचार केल्यास पुढील हानी बहुतांशी टाळता येते. अनेक मुलांच्या बाबतीत सर्व तपासण्या करूनही कारण सापडत नाही. परंतु सुनेच्या माहेरचा दोष काढून कोणत्याही मुलाचे कल्याण झालेले नाही, आणि मुलाच्या संगोपनासाठी जिचे बळ सर्वांत अधिक लागणार तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा शुद्ध अविचार आहे.

आता बुद्ध्यंकाविषयी. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ साली पहिली बुद्धिमापन चाचणी रचली, ती कोणत्या मुलांना शाळेत अधिक साहाय्य लागेल हे ओळखण्यासाठी. कोणाच्या कपाळी कायमचा शिक्का मारण्याचा त्याचा हेतू नव्हता. तिचे एतद्देशीय रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांच्या अभ्यासावरून सिद्ध केले, आणि बिने-कामत कसोटी या नावाने ती आजही आपल्याकडे दाखल्यांसाठी वापरली जाते. स्थूलमानाने सत्तरच्या खालचा अंक ही या अवस्थेची एक खूण मानली जाते, पण ती एकमेव खूण नव्हे. तो माणूस स्वतःचे कपडे घालतो का, धोका ओळखतो का, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी नाते राखतो का, हे पाहिल्यावाचून निदान पूर्ण होत नाही. शिवाय बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी फार मोठ्या बहुसंख्येची अक्षमता सौम्य स्वरूपाची असते. थोड्याशा आधारावर संसाराची बहुतेक कामे करणारी ही माणसे आपल्या नजरेत भरत नाहीत, आणि जी भरतात त्यांच्यावरून आपण सर्वांविषयी अनुमान बांधतो.

येथेच आणखी एक सरमिसळ दूर करावयास हवी. वाचन, लेखन वा गणित यांपैकी एखाद्याच बाबतीत अडखळणारे, एरवी सामान्य किंवा त्याहून सरस बुद्धीचे मूल हे निराळे. त्याची अडचण विशिष्ट अध्ययन अक्षमता या सदरात मोडते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारांची जी यादी केली तीत या दोहोंची स्वतंत्र नोंद आहे. एकाला परीक्षेत वेळेची सवलत आणि लेखनिक मिळाला की तो पदवीपर्यंत जाऊ शकतो. दुसऱ्याला अभ्यासक्रमच निराळा लागतो.

या साऱ्या समजुतींत मला सर्वांत घातक वाटते ती मात्र क्रूरतेतून नव्हे, मायेतून जन्मलेली आहे : अशी माणसे म्हणजे कायमची लहान मुले, देवाची निष्पाप लेकरे. चाचणीच्या अहवालात ‘मानसिक वय सहा वर्षे’ असा मजकूर आला की तीस वर्षांच्या पुरुषाला सहा वर्षांचा समजून वागविण्यास जणू लेखी परवानगीच मिळते. परंतु तो सहा वर्षांचा नसतो. त्याच्या गाठी तीस वर्षांचा अनुभव असतो, त्याच्या देहाला तीस वर्षांच्या देहाच्या प्रेरणा असतात, आणि भावंडांची लग्ने होऊन ती आपापल्या संसाराला लागली व आपण मागे राहिलो, हे त्याला कळत असते. वडील वारले तर त्याला शेजारी पाठवून ‘बाबा गावाला गेले’ असे सांगितले जाते. तो महिनोन्महिने दारात बसून राहतो, आणि लोक म्हणतात की याला काही कळत नाही. अंत्यदर्शनाचा आणि शोकाचा त्याचा अधिकार आपण काढून घेतलेला असतो, हे आपल्या गावीही नसते.

या चिरबाल्याच्या कल्पनेचे दुष्परिणाम मुलींना अधिक भोगावे लागतात. लहान मुलीला देहाविषयी काय सांगावयाचे, म्हणून त्यांना काहीच सांगितले जात नाही. कोणता स्पर्श नाकारावयाचा हे जिला कोणी शिकविलेच नाही, ती अत्याचाऱ्याच्या हाती सहज सापडते, आणि नंतर तिच्या सांगण्यावर विश्वासही ठेवला जात नाही. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय गृहातील काही मुलींचे गर्भाशय, मासिक पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही या सबबीवर, शस्त्रक्रियेने काढण्यात आले, आणि स्त्रीसंघटनांनी देशभर आवाज उठविल्यावरच ते प्रकरण थांबले. वस्तुतः पाळीच्या दिवसांत स्वतःची काळजी घेणे यांतील बहुसंख्य मुलींना शिकविता येते. विशेष शाळांतील शिक्षिका ते वर्षानुवर्षे शिकवीत आलेल्या आहेत. पुढे २००९ साली चंदीगडच्या एका शासकीय संस्थेतील अत्याचारपीडित तरुणीच्या प्रकरणात, तिच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ स्त्री ही स्वतःच्या देहाविषयी मत असलेली व्यक्ती आहे, हे देशातील सर्वोच्च न्यायपीठाला सांगावे लागले.

याच्या बरोबर उलट टोकाला ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला आहे. विवाहाने बौद्धिक अक्षमता जात नाही. परिस्थिती लपवून केलेल्या अशा विवाहांत समोरच्या पक्षाची फसवणूक होते आणि ज्याच्या भल्याच्या नावाने हे केले जाते त्याची परवड होते. याचा अर्थ अशा व्यक्तीने कधीच विवाह करू नये असा मुळीच नव्हे. दोघांनाही विवाह म्हणजे काय हे समजत असेल, दोघांची इच्छा असेल आणि दोन्ही घरे उघड्या डोळ्यांनी आधार देणार असतील, तर तो त्यांचा अधिकारच आहे.

‘यांना शिकवून काय उपयोग’ या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वीच कृतीने दिलेले आहे. मुंबईत डॉ. होर्मसजी वकील आणि जय वकील या दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ साली जी शाळा काढली ती आजही चालू आहे. पुण्यात १९६४ साली कामायनी सुरू झाली. नाशकात रजनी लिमये यांनी आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या गरजेतून १९७७ साली प्रबोधिनीची स्थापना केली. शिकविण्याची रीत येथे निराळी असते. सदरा घालणे हे आपल्या लेखी एक काम. विशेष शिक्षक त्याचे आठदहा टप्पे पाडतो, पहिले सगळे स्वतः करतो आणि शेवटचे एकच बटण मुलावर सोपवितो. ते जमले की शेवटची दोन, मग तीन. यायोगे काम पुरे केल्याचे समाधान पहिल्या दिवसापासून मुलाच्या पदरी पडते, आणि त्या समाधानाच्या बळावर ते पुढचा टप्पा शिकते. घरी मात्र वेळ वाचविण्यासाठी आई सगळी बटणे लावून टाकते, आणि शाळेत कमावलेले घरी गमावले जाते. चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिलेला आहे, मग ते शेजारच्या सर्वसाधारण शाळेत असो वा विशेष शाळेत. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ज्या गटासाठी आहे त्यात बौद्धिक अक्षमताही समाविष्ट आहे.

राहता राहिला तो प्रश्न, जो प्रत्येक आईबाप रात्री एकमेकांना विचारतात : आमच्यामागे कोण? याविषयीचा सर्वसाधारण समज असा की आपण जिवंत आहोत तोवर पालक आपणच, आणि पुढे भावंडे पाहतीलच. कायद्याची स्थिती तशी नाही. अपत्याला अठरा वर्षे पूर्ण झाली की आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते, आणि बँकेच्या खिडकीशी किंवा मिळकतीच्या व्यवहारात ही गोष्ट प्रथम नडते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालकाची नेमणूक करून घेता येते. नेमणूक झालेल्या पालकाला त्या व्यक्तीच्या मिळकतीची यादी सहा महिन्यांच्या आत समितीला सादर करावी लागते आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, म्हणजे वारसांच्या मनमानीला काही आळा बसतो. मात्र पालक नेमला म्हणजे त्या माणसाचे सारे मत रद्द झाले असेही नव्हे. २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना स्वीकारली आहे, तीत निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून व्हावयाचा असतो. आईवडिलांपैकी कोणी सरकारी नोकरीत असेल तर उपजीविका करण्यास असमर्थ अशा अपत्याला आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी खात्याच्या दप्तरी नोंद आपल्या हयातीतच करून ठेवणे श्रेयस्कर.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे की अठरावा वाढदिवस होताच समितीकडे अर्ज करावा, दिव्यांगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र तत्पूर्वीच काढून ठेवावे, आणि त्याने कोठे व कोणाबरोबर राहावयाचे हे ठरविताना, ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्यालाही समोर बसवून त्याचे मत विचारावे. आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांनी शेजारच्या घरचा तो मुलगा किंवा ती मुलगी भेटली म्हणजे तिच्या आईला तिची खुशाली विचारण्याऐवजी तिलाच विचारावी, आणि उत्तर यावयास वेळ लागला तर थांबावे.