दरबार उठल्यानंतरचा टोपी बाजार

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या परिसरातला टोपी बाजार ही रूढ अर्थाने संस्था नव्हे, कारण त्याला एक मालक नाही आणि एक हिशेबवहीही नाही. तरीही व्यवसाय भोवतालच्या जगावर किती अवलंबून असतो आणि ते जग पालटले म्हणजे तो काय करतो, हे समजून घ्यायला बड्या कंपन्यांच्या इतिहासाइतकाच हा बाजार उपयोगी पडतो. संघटनाशास्त्रात ज्याला ‘बाह्य पर्यावरण’ म्हणतात त्याचे दोन थर मानले जातात: जवळच्या थरात गिऱ्हाईक, माल पुरवणारे, प्रतिस्पर्धी आणि नियम करणारे सरकार येते, तर दूरच्या थरात राज्यव्यवस्था, चालीरीती, तंत्रज्ञान आणि एकंदर राहणीमान.

दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. १८७४ मध्ये जयविलास राजवाडा बांधून होईपर्यंत राजघराण्याचा मुक्काम बाड्याजवळच्या गोरखी वाड्यात असे, म्हणजे डोईवरच्या वस्त्रांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक या व्यापाराच्या अगदी शेजारी होते. दरबारात उघड्या डोक्याने जाणे शिष्टाचारात बसत नसे, आणि सरदार, मानकरी, कारकून यांची ओळख पुष्कळदा डोक्यावरूनच पटे. पुढे चोचीसारखे टोक असलेली शिंदेशाही पगडी ही तर या राज्याची निशाणीच होती.

पगडी आणि साफा यांतला फरक इथे नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. पगडबंद, म्हणजे पगडी बांधणारा कारागीर, माणसाच्या डोक्याचे माप घेतो, तलम आणि लांबलचक कापडाला पीळ देत ते साच्यावर थरावर थर चढवतो, टाके घालून पक्के करतो, आणि अशी सिद्ध झालेली पगडी टोपीसारखी नुसती डोक्यावर ठेवायची असते. साफा किंवा फेटा मात्र दर वेळी नव्याने बांधायचा असतो, म्हणून त्याचे कापड कुणालाही विकता येते. एकीत मोजकी, ओळखीची, पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइके आणि जपलेले कसब, तर दुसऱ्यात अनोळखी गिऱ्हाइकांची मोठी संख्या. जेफ्री फेफर आणि जेराल्ड सॅलन्सिक यांनी १९७८ मध्ये ‘संसाधन-अवलंबन’ ही कल्पना मांडली, तिचा आशय असा की जिच्यावाचून आपले चालत नाही अशी गोष्ट ज्याच्या हाती असते त्याच्याच कलाने संस्थेला चालावे लागते. दरबारी पगडीचा धंदा हे या अवलंबनाचे अत्यंत शुद्ध उदाहरण होय.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य अस्तित्वात आले आणि ग्वाल्हेर संस्थान त्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात सामील झाले आणि राजधानी भोपाळला गेली. दरबार हा जवळच्या थरातला आश्रयदाता असा निघून जात असताना दूरच्या थरातही मोठी उलथापालथ चालली होती, कारण शिकलेला नोकरदार बोडक्याने वावरू लागला होता. हे केवळ इथेच घडले असे नाही. इंग्लंडमधले लूटन हे हॅटांचे गाव, पण तिथल्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच नव्या उद्योगांना आवतण देण्यासाठी समिती नेमली आणि १९०५ मध्ये व्हॉक्सहॉलचा मोटार कारखाना तिथे आला. टोपी बाजाराच्या मदतीला मात्र आली ती लगीनसराई. रोजच्या डोक्यावरून उतरलेले वस्त्र लग्नातल्या डोक्यावर मात्र कायम राहिले, आणि नवरदेवाच्या साफ्यापासून वऱ्हाड्यांच्या साफ्यांपर्यंतची मागणी धरून हा धंदा तगला. या मागणीला स्वतःचे पंचांग असते: देवउठनी एकादशीनंतर मुहूर्त सुरू होतात, चातुर्मासात विक्री मंदावते. अशा चढउतारांपासून आतले काम सुरक्षित ठेवण्यासाठी संस्था साठा करतात आणि हंगामाची आगाऊ बेगमी करतात, असे जेम्स थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये लिहिले; कापडाचे व्यापारी तेच पूर्वापार करत आले आहेत.

याउलट, याच शहरातली जियाजीराव कॉटन मिल १९२१ मध्ये घनश्यामदास बिर्ला यांनी उभारली आणि १९९०च्या दशकात ती बंद पडली. अवजड यंत्रे, हजारो कामगार आणि एकाच जागी गुंतलेले भांडवल यांमुळे अशा गिरणीला दिशा बदलणे कठीण जाते. मायकेल हॅनन आणि जॉन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये याच जडत्वावर बोट ठेवले: त्यांच्या मते बदल बहुतेक वेळा एकेक संस्था सुधारल्याने होत नाही, जुन्या संस्था मावळून वेगळ्या धाटणीच्या संस्था त्यांची जागा घेतात म्हणून होतो. बाजाराला हे सहज जमते, कारण एक दुकान बसले तर त्याच गाळ्यात दुसरा माल घेऊन दुसरा माणूस उभा राहतो आणि पत्ता तोच राहतो.

मात्र बाजार टिकला म्हणजे सारे टिकले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अनुकूलनाचा हा हिशेब संस्थेच्या बाजूने मांडलेला असतो, आणि ज्याच्या हातातले कसब निरुपयोगी ठरले त्या पगडबंदाला त्यात रकानाच नसतो. चंदेरीचे विणकर याच संस्थानाचे आश्रित होते आणि तेही एके काळी पगडीचे कापड विणत. परंतु संस्थानाने १९१० मध्ये तिथे विणकामाचे प्रशिक्षण केंद्र काढले, माग साडीकडे वळू शकला, आणि २००५ मध्ये चंदेरीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. पगडबंदाच्या बोटांना असा दुसरा माल नव्हता. दसऱ्याला शिंदे घराण्यातील पुरुष आजही राजवेशात मांढरे मातेच्या देवळाजवळ शमीपूजनाला जातात आणि पगडी त्या दिवशी साऱ्या शहराला दिसते, तथापि एका घराण्याच्या एका दिवसावर कारागिरांची पुढची पिढी पोसली जात नाही. त्यासाठी नाटक कंपन्या, मराठी घरांतली लग्नकार्ये आणि पुण्यासारख्या शहरांतला सत्कारांचा रिवाज, अशी अनेक गिऱ्हाइके एकाच वेळी जोडावी लागतील, आणि ती जोडून देण्याचे काम एकट्यादुकट्या कारागिराच्या आवाक्यातले नाही.