दुकानांतील मुलगी व दुकानाचा धनी

एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकाराचें नांव निघालें म्हणजे आमच्या पिढीचे गृहस्थ किंचित् कानकोंडे होतात. समाजाचीं गळवें उघडीं करून दाखविणारा लेखक, अशीच त्याची ख्याति. परंतु १८८३ सालीं प्रसिद्ध झालेली त्याची 'ओ बोनर दे दाम' ही कादंबरी प्रणयकथा असून तिचा शेवट विवाहांत होतो. ज्या घरांतील लेकीसुना नोकरीस जातात, त्या प्रत्येक घरांत तिची चर्चा व्हावी असें आम्हांस वाटतें.

स्थळ पॅरिस, काळ १८६४ ते १८६९. पोरकी झालेली वीस वर्षांची देनीझ दोन भावांस घेऊन चुलत्याकडे येते. चुलत्याचें कापडाचें जुनें दुकान डबघाईस आलेलें. म्हणून ती समोरच्या अवाढव्य दुकानांत चाकरीस राहते. त्याचा धनी ओक्ताव्ह मूरे हा तरुण, विधुर व महत्त्वाकांक्षी.

मूरेची व्यापारनीति लक्षांत घेण्याजोगी आहे. जुना दुकानदार गिऱ्हाईक पाहून भाव सांगे. मूरे मालावर किंमत लिहून ठेवतो, नफा अल्प घेतो, पण भांडवल वर्षांतून अनेक वेळां फिरवितो. न आवडलेला जिन्नस परतही घेतो. या यंत्राखालीं पेठेंतील लहान दुकानें एकामागून एक चिरडलीं जातात. आंतील मुलींची दशाही बरी नाहीं. दिवसभर उभें राहावयाचें, रात्रीं छपराखालच्या खोलींत निजावयाचें, आणि मंदी आली कीं एका शब्दासरशी घरीं जावयाचें. देनीझही एकदां अशीच रस्त्यावर येते.

पुढें ती परत येते व कर्तबगारीनें वर चढते. प्रत्येक स्त्रीला कांहीं किंमत असते, असा मूरेचा समज. देनीझचें त्याच्यावर प्रेम आहे. तरीही ती नकार देते. हा भाव वाढविण्याचा डाव आहे, अशी कुजबूज दुकानांत चालते. आम्हांस ती पटत नाहीं. कारण धन्यापाशीं आपल्या शब्दाला वजन आहे हें कळल्यावर ती दागिने मागत नाहीं. मंदींत नोकरांस काढून न टाकतां रजा द्यावी, त्यांचा साहाय्यनिधि असावा, असें मागते. अखेर ज्या दिवशीं विक्री प्रथमच दहा लक्ष फ्रँकांवर पोंचते, त्याच दिवशीं मूरे विवाहाची याचना करतो.

कथा कल्पित असली तरी दुकान केवळ कल्पित नव्हे. झोलानें 'बाँ मार्शे' हें पॅरिसचें प्रसिद्ध दुकान स्वतः हिंडून पाहिलें होतें. त्याचे चालक आरिस्तीद बूसिको यांची पत्नी मार्गरीत ही खेड्यांतील गरीब घरची मुलगी. १८७७ सालीं पति वारल्यावर तिनें १८८० मध्यें नोकरांस दुकानांत भागीदार केलें. १८८७ सालीं ती वारली; तिच्या मृत्युपत्रांतील धनांतून पॅरिसमध्यें रुग्णालय उभें राहिलें.

मात्र एक गोष्ट झोला लपवीत नाहीं. लग्न झालें म्हणून चुलत्याचें बंद पडलेलें दुकान उघडत नाहीं. नव्या व्यापाराची ती किंमत कोणीतरी भरलीच. देनीझनें वांचविलें तें आपलें शील आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलींची भाकर. वेतन घेणारी स्त्री आपला मान विकीत नाहीं, हें घरच्या पुरुषांनीं आधीं ओळखलें पाहिजे. मग धन्यांना तें शिकविणें सोपें जाईल.