गॅरेजमधलं गाणं आणि शेजारचे आजोबा

बँड जमलाय. नावही ठरलंय (त्यावरून दोनदा भांडण झालं, ते सोडा). गिटारवाला आहे, कॅहोन वाजवणारी आहे, लिहिणारा-गाणारा आहे. फक्त जागा नाही. तासावर भाडं घेणारी जॅमरूम दर आठवड्याला परवडत नाही. मग एक दिवस कुणाची तरी ट्यूब पेटते, 'अरे, आमच्या बंगल्याचं गॅरेज अर्धं रिकामंच आहे की!'

कल्पना झकास आहे आणि तिला मोठा वारसाही आहे. 1959 मध्ये डेट्रॉइटच्या बेरी गॉर्डी या तरुणाने घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली. एक साधं घर घेतलं आणि त्याच्या गॅरेजचा स्टुडिओ केला. तेच मोटाउन. स्टीव्ही वंडर, मार्विन गे, सुप्रीम्स ही सगळी मंडळी त्या खोलीत गायली. गाण्यातला घुमारा हवा म्हणून घराचा माळासुद्धा वापरात आला.

तेव्हा जागा छोटी म्हणून खट्टू होऊ नका. आमची गाडी अडली ती दुसऱ्याच ठिकाणी.

अंड्यांचे ट्रे आणि आम्ही

सेकंड इयरला आम्ही हाच उद्योग केला. होते नव्हते ते पैसे माइकवर उडवले आणि कोपऱ्यावरच्या भुर्जीवाल्याकडून अंड्यांचे ट्रे आणून भिंतभर चिकटवले. 'साउंडप्रूफ' झालं म्हणून पार्टीही केली. आठव्या दिवशी शेजारचे आजोबा फाटकाशी उभे. वाटलं, आता खैर नाही. ते शांतपणे म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात तो गाणारा दर वेळी एक शब्द खातोय बघा. आणि पोरांनो, संध्याकाळी नका रे वाजवू. आमच्या हिला रात्रभर झोप नसते, तेव्हाच जरा डोळा लागतो."

खाल्लेला शब्दसुद्धा भिंतीपलीकडे कळत होता! ट्रे काय काम करत होते, ते त्या दिवशी समजलं.

तुम्ही ही चूक करू नका. आवाज बाहेर जाऊ न देणं आणि आतला आवाज चांगला करणं ही दोन वेगळी कामं आहेत. ट्रे, फोम, पडदे यांनी खोलीतला चिरका पडसाद थोडा कमी होतो. बाहेर जाणारा आवाज त्यांना जुमानत नाही.

आधी फटी बुजवा

आवाज अडवायला वजन लागतं आणि हवाबंद जागा लागते. जिथून हवा जाते तिथून आवाज जातो. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी राहिली, तरी बाकीची भिंत कितीही जाड असो, 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. आता तुमच्या गॅरेजच्या शटरखालची फट आठवा.

म्हणूनच शटरला स्टुडिओची भिंत समजू नका. गॅरेजचा पुढचा भाग दुचाकी आणि अडगळीसाठी सोडा, मागच्या भागात पार्टिशन घाला. चौकटीच्या दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्डचे दोन-दोन थर आणि मधल्या पोकळीत रॉकवूल. दार भरीव हवं, पोकळ फ्लश डोअर नको. चौकटीला चारी बाजूंनी रबराची पट्टी आणि खाली उंबरा. खिडकी असेल तर तिचंही असंच काहीतरी करावं लागेल.

एवढं करूनही ड्रम किटचा दणका आणि बेसचा घुमारा पूर्ण थांबणार नाही. 100 हर्ट्झच्या आवाजाची एक लहर जवळपास 11 फूट लांब असते, ती पातळ थराला कशी ऐकणार? त्यामुळे ड्रमरने इलेक्ट्रॉनिक पॅड आणि हेडफोनशी दोस्ती केलेली बरी.

मग आतला आवाज

रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवा. 'टर्रर्र' असा पडसाद आला, तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाजाचा चेंडू खेळतायत. तिथे 2 ते 4 इंच जाडीचं रॉकवूल लाकडी चौकटीत बसवा, वरून कापड लावा आणि भिंतीपासून थोडं सुटं टांगा. कोपऱ्यांत आणखी जाड थर द्या, बेस तिथेच साचतो. बजेट संपलं? आजीच्या गोधड्या, जुनी गादी, पुस्तकांनी भरलेलं कपाट. गाणाऱ्याच्या मागे टांगलेली जाड गोधडी व्होकल रेकॉर्डिंगला चांगलंच काम देते.

महागडा माइक यानंतर घ्या. वाईट खोलीत तो खोलीचा वाईटपणाच जास्त बारकाईने टिपतो.

गाडी, पाणी, वीज

गॅरेजमध्ये चारचाकी राहणारच असेल, तर हिशेब नीट करा. चार मीटरची गाडी म्हणजे 13 फूट तिथेच गेले. वीस फुटी गॅरेजमध्ये उरलेल्या सात फुटांत बँड मावत नाही, एकट्याने गायची खोली होते. तेही कमी नाही. पण आत कुणी असताना गाडी गॅरेजमध्ये सुरू करायची नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. पेट्रोलचा कॅन, थिनर हेही बाहेर. हवाबंद खोलीत ताजी हवा येण्याचा वेगळा मार्ग ठेवा, नाहीतर दोन तासांत सगळ्यांची डोकी जड.

गॅरेजची जमीन सहसा उताराची असते आणि पावसाळ्यात ओल वर येते. आधी वॉटरप्रूफिंग, मग प्लायवूड, त्यावर सतरंजी. माइक आणि गिटार सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात. वायरिंगसाठी वेगळा एमसीबी घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. स्पीकरमधल्या 'हूं'चं कारण बरेचदा तिथेच सापडतं. पाण्याची मोटार शेजारीच असेल, तर रेकॉर्डिंगच्या वेळा आईला विचारून ठरवा!

आणि हो, पक्की भिंत बांधायच्या आधी आर्किटेक्टला विचारा. मंजूर नकाशात ती जागा पार्किंगची असते. सोसायटीच्या पार्किंगचा तर विचारच नको. उद्या काढता येईल असं पार्टिशन बाबांनाही पटतं.

सगळ्यात स्वस्त उपाय

कायद्यानुसार रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण शेजारी डेसिबल मोजत बसत नाहीत. त्यांना एवढंच कळतं, की ही पोरं आपल्याला विचारतात की नाही. काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंच्या घरी जा. कुणाची बारावी आहे, कोण आजारी आहे, बाळ कधी झोपतं, ते विचारा आणि वेळ ठरवून घ्या. मग एकाला आत वाजवायला बसवा आणि तुम्ही त्यांच्या बेडरूममध्ये उभं राहून ऐका. फट कुठे राहिलीय, ते तिथेच कळेल.

आम्ही पुढच्या सुटीत ट्रे काढले, पार्टिशन घातलं, दार बदललं आणि दुपारी तीन ते पाच ही वेळ ठरवली. महिनाभराने आजोबा पुन्हा फाटकाशी आले. म्हणाले, "काय रे, गाणं सोडलंत की काय?"

आम्ही त्यांना आत नेलं, हेडफोन दिला आणि नवं रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, "दुसरं कडवं पुन्हा लावता का?"

शब्द आता पूर्ण होता.