बल देणारा कोण?

एसटी खच्चून भरलेली आहे, मधल्या वाटेत माणसं दांडी धरून उभी आहेत आणि रस्त्यात म्हैस आडवी येते. ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो. उभे प्रवासी पुढच्यांच्या अंगावर जातात आणि मागून आवाज येतो, "अहो, केवढ्या जोरात फेकलंत पुढे!" चिडणं रास्त आहे, पण पुढे फेकणारं त्या बसमध्ये कुणीच नव्हतं. बस ताशी ५० किलोमीटरने चालली होती आणि आतली माणसंही त्याच वेगाने चालली होती. ब्रेकने वेग कमी केला तो बसचा. माणसं आपल्या आधीच्या वेगाने पुढे जात राहिली. पाय तेवढे बसच्या तळाबरोबर अडकले, म्हणून तोल गेला.

न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला. त्यातले गतीचे तीन नियम आपल्याकडे शाळेत शिकवले जातात, पाठही होतात. तरीही बोलताना आणि विचार करताना आपण न्यूटनच्या जवळजवळ दोन हजार वर्षं मागे, ॲरिस्टॉटलच्या जगात असतो. तिथून बाहेर पडायला मला एकच प्रश्न पुरेसा वाटतो: हे बल देणारा कोण? बल म्हणजे दोन वस्तूंमधला व्यवहार. एक देणारी, एक घेणारी. देणाऱ्या वस्तूचं नाव सांगता येत नसेल, तर ते बल अस्तित्वातच नाही. पुढचे गैरसमज याच प्रश्नावर घासून बघू.

'जोर संपला की वस्तू थांबते'

कॅरममध्ये स्ट्रायकर बोटाने टिचकावला. तो बोर्डभर सरकला आणि समोरच्या कडेजवळ थांबला. आपण म्हणतो, जोर कमी पडला. या शब्दांमागे समज असा, की बोटाने स्ट्रायकरच्या पोटात काहीतरी भरलं आणि ते सरकता सरकता खर्च झालं. आता प्रश्न विचारा. बोट सुटल्यावर स्ट्रायकरला पुढे ढकलणारा कोण? बोट मागेच राहिलं. हवा ढकलत नाही, उलट किंचित अडवते. म्हणजे पुढच्या दिशेचं बल आता शून्य आहे. मागच्या दिशेचं मात्र आहे, आणि देणाऱ्याचं नावही सांगता येतं: बोर्डाचा पृष्ठभाग. त्याचं घर्षण स्ट्रायकरचा वेग कमी करत जातं.

याचा पुरावा तुमच्या घरातल्या बोरिक पावडरच्या डबीत आहे. बोर्डावर पावडर भुरभुरली की तीच टिचकी स्ट्रायकरला कितीतरी लांब नेते. पावडरने जोर वाढवला नाही, अडथळा कमी केला. अडथळा कमी करत करत शून्यावर नेला तर काय होईल, हा विचार गॅलिलिओने केला आणि पहिल्या नियमाची वाट तिथून सुरू झाली. 'व्हॉयेजर १' हे यान १९७७ साली निघालं. आज ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललं आहे, आणि त्याला पुढे ढकलणारं कोणतंही इंजिन चालू नाही.

मग सपाट रस्त्यावर गाडी एकाच वेगाने चालवतानाही ॲक्सिलरेटर का दाबून ठेवावा लागतो? कारण हवा आणि टायरचं घर्षण तिला सतत मागे ओढत असतं. इंजिनाची सगळी मेहनत तेवढी ओढ फेडण्यात जाते. दोन्हीकडची बलं सारखी झाली, की गाडीवरचं एकूण बल शून्य असतं. वेग ६० चा असो वा १००चा, तो स्थिर असेल तर हिशेब शून्यच. बल लागतं ते वेग बदलायला. माझ्या मते तिन्ही नियमांतलं सगळ्यात अवघड वाक्य हेच आहे, कारण आपला रोजचा अनुभव घर्षणाने इतका माखलेला आहे, की त्याशिवायची गती डोळ्यांपुढे येत नाही.

'वळणावर गाडी बाहेर फेकते'

घाटात बस उजवीकडे वळते आणि आपण डावीकडे, शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडतो. इथेही बाहेर ढकलणारा शोधून सापडत नाही. आपलं शरीर सरळ जात असतं, बस आपल्याखालून उजवीकडे सरकते. मग खिडकीची बाजू येऊन आपल्याला आत ढकलते आणि बसबरोबर वळवते. म्हणजे खरं बल वळणाच्या आतल्या बाजूला असतं. बसमध्ये बसून गणित मांडणारे सोयीसाठी बाहेरच्या दिशेचं एक बल धरतात, पण ते देणारी वस्तू कुठेच नसते.

शेतात पाखरं हाकणाऱ्याची गोफण आठवा. दगड गरगर फिरत असतो तेव्हा दोरी त्याला सतत हाताकडे खेचत असते. दोरीचं एक टोक सोडलं की दगड हातापासून थेट बाहेर उडत नाही. ज्या क्षणी सुटला, त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, सरळ जातो. ओल्या रस्त्यावर घाटात घसरणाऱ्या गाडीचं नेमकं हेच होतं. वळणावर दोरीचं काम टायर आणि रस्त्यामधलं घर्षण करतं. ते कमी पडलं की गाडी सरळ जाते, आणि सरळ पुढे कठडा असतो. वेग दुप्पट केला तर त्याच वळणावर चौपट घर्षण लागतं. पावसात मात्र घर्षण कोरड्या रस्त्यापेक्षाही कमी मिळतं.

'क्रिया आणि प्रतिक्रिया एकमेकांना खाऊन टाकतात'

बैल गाडीला जेवढं ओढतो, तेवढंच गाडीही बैलाला मागे ओढते. मग गाडी चालतेच कशी? हुशार मुलाला हा प्रश्न पडतोच, आणि त्याला "नियम आहे, पाठ कर" असं सांगून गप्प बसवणं हा अन्याय आहे. उत्तर सोपं आहे. ही दोन बलं एकाच वस्तूवर नाहीत. एक गाडीवर आहे, दुसरं बैलावर. एकाच्या खात्यातली जमा दुसऱ्याच्या खात्यातल्या खर्चातून वजा होत नाही.

गाडीचं खातं वेगळं मांडा: बैलाची पुढे ओढ, जमिनीची चाकांवर मागे ओढ. पहिली जास्त झाली की गाडी हलते. बैलाचं खातं वेगळं: गाडीची मागे ओढ, आणि जमिनीचा पुढे रेटा. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. चिखलात खूर सरकायला लागले की हा रेटा मिळत नाही, मग बैल कितीही ताकदवान असला तरी गाडी रुतून बसते.

रस्सीखेचीतही हेच. जिंकणारा संघ दोर जास्त जोराने ओढतो, हा समज पक्का असतो. दोर हलका असतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही टोकांना ताण जवळजवळ सारखाच असतो. सामना ठरतो पायांखाली. जो संघ टाचा रोवून, मागे झुकून जमिनीला जास्त रेटतो, तो जिंकतो. पैलवानांच्या संघाला मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभं करा. अनवाणी शाळकरी पोरं मातीतून त्यांना ओढून नेतील.

थोडा दोष शब्दांचाही आहे. 'प्रतिक्रिया' म्हटलं की आधी कुणी बोललं आणि मग उत्तर आलं, असं वाटतं. ही दोन्ही बलं एकाच क्षणी जन्मतात आणि एकाच क्षणी संपतात. जोडी ओळखायची खूण म्हणजे देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल. 'पृथ्वी पुस्तकाला खेचते' याची जोडी 'टेबल पुस्तकाला वर उचलून धरतं' ही नव्हे, तर 'पुस्तक पृथ्वीला खेचतं' ही आहे.

रॉकेट मागच्या हवेला रेटून वर जातं, हाही असाच एक समज. तो मोठमोठ्यांना होता. १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने संपादकीय लिहून रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांची चूक काढली होती, की निर्वात पोकळीत रॉकेट चालणारच नाही. रॉकेटला पुढे ढकलणारा हवा नसून त्याने स्वतःच मागे फेकलेला जळका वायू असतो. अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने आपली चूक दुरुस्त केली.

'मी पोराला घट्ट धरलंय'

हा गैरसमज जीव घेतो, म्हणून शेवटी ठेवला आहे.

कलिंगडं ट्रकमधून उतरवणारी माणसं बघा. वरचा फेकतो, खालचा झेलतो, आणि झेलताना हात फळाबरोबर मागे घेतो. हात ताठ ठेवले तर फळ फुटेल. थांबवण्याचं अंतर दुप्पट केलं की लागणारं बल निम्मं होतं. दुसऱ्या नियमाचं सगळं सार या हातांना ठाऊक असतं. हेल्मेटच्या आतला जाड थर डोक्यासाठी हेच करतो.

आता गाडी ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटरने चालली आहे. समोर धडक बसते आणि पुढचा भाग चेपत गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबते. हे सगळं सहा शतांश सेकंदात होतं. आईच्या मांडीवर वर्षाचं, १० किलोचं मूल आहे. त्यालाही तेवढ्यातच थांबवायचं तर त्याच्या वजनाच्या सुमारे २८ पट बल लागेल. म्हणजे जवळजवळ २८० किलोचं ओझं, तेही डोळा मिटायच्या आत पेलायचं. बल देणारा कोण? आईचे हात नव्हेत. कितीही माया असली तरी नाहीत. मग ते बल देतो डॅशबोर्ड, पुढच्या सीटची पाठ किंवा काच. मागे बसलेल्या मोठ्या माणसाचंही असंच. पट्टा नसेल तर तो ६० च्या वेगाने पुढच्याच्या पाठीवर जातो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे प्रवाशांनी पट्टा न लावणं आणि १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना किंवा बाल-आसनाविना नेणं, दोन्हींसाठी १००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा. पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा मागच्या सीटवरचा पट्टा गादीखालून बाहेर काढा आणि लावा. मूल लहान असेल तर त्याच्या मापाचं आसन घ्या आणि ते मागच्या सीटवर बसवा.